सावलीचा हिशेब

एक अंडं घ्या. पांढरं, कच्चं, डाग नसलेलं. टेबलावर पांढरा ड्रॉइंग पेपर अंथरा आणि त्याची मागची कड भिंतीवर चिकटवून वर चढवा, म्हणजे टेबल कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते ते दिसणार नाही. अंडं लोळू नये म्हणून बुडाशी कणकेचा छोटा गोळा दाबा. आता पडदे ओढा, खोलीतले दिवे घालवा आणि एकच टेबललॅम्प अंड्याच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर ठेवा.

आता नुसतं बघा. दिव्याकडच्या अंगावर एक चकचकीत ठिपका आहे. त्याच्याभोवती उजळ पांढरेपणा. तो हळूहळू राखाडी होत जातो आणि उजव्या अंगावर एक काळसर पट्टा उमटतो. पण सगळ्यात काळोखी जागा अगदी कडेला नाही. कडेपाशी अंडं पुन्हा थोडं उजळतं, कारण खालच्या कागदावर पडलेला उजेड उसळून तिथे पोचतो. मग कागदावर पडलेली सावली. अंड्याला लागून गडद आणि रेखीव, लांब जाताना फिकट आणि विरलेली. एवढ्या सगळ्या पायऱ्या एका अंड्यावर, एका दिव्यात.

मला हे अंडं तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या काकांनी दाखवलं. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की ते आधी त्याच्या नाकाच्या सावलीकडे बघत. ती ओठावर उतरली की दिवा खाली घ्यायचा, गालावर पसरली की दिवा पुढे आणायचा. चेहऱ्याकडे त्यानंतर. ‘उजेड कुणालाही दिसतो रे, सावली बघायला शिकावं लागतं,’ असं ते म्हणत, आणि गेली वीस वर्षं मी तेच शिकतो आहे. रोलवर फोटो काढणारा माणूस स्टुडिओपासून डार्करूमपर्यंत सावलीच सांभाळत असतो. आधी ती दिव्याने घडवायची, मग रोलवर हरवू द्यायची नाही, आणि शेवटी कागदावर हवी तेवढीच काळी होऊ द्यायची. अंडं आपल्याला शेवटपर्यंत लागणार आहे, तेव्हा जपून ठेवा.

पहिला प्रयोग सावलीच्या कडेचा. दिवा आहे तिथेच ठेवा आणि त्याच्या नि अंड्याच्या मध्ये, अंड्याच्या जवळ, दीड-दोन फुटांच्या चौकटीवर ताणलेला बटर पेपर धरा. धारदार कड विरघळते, काळा पट्टा राखाडी होतो, चकचकीत ठिपका पसरून मोठा डाग होतो. दिवा तोच, त्याची ताकद उलट कमी झाली, पण आता अंड्याला दिवा दिसतच नाही. त्याला दिसतो तो दोन फुटांचा उजळ कागद. सावलीची कड मऊ की कडक हे दिव्याचा आकार ठरवतो, आणि तोसुद्धा अंड्याच्या जागेवरून दिसणारा आकार. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे, पण तो १५ कोटी किलोमीटरवर असल्यामुळे आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणून मे महिन्यातल्या दुपारची सावली सुरीने कापल्यासारखी असते. जुलैत ढग भरून आले की सगळं आभाळच दिवा होतं आणि सावल्या नाहीशा होतात. बटर पेपर अंड्यापासून मागे सरकवत न्या, कड पुन्हा कडक होत जाईल. स्टुडिओतल्या छत्र्या आणि सॉफ्टबॉक्स यांचं गुपित एवढंच आहे.

दुसरा प्रयोग अंतराचा, आणि तो मला अजूनही जादूसारखा वाटतो. चढवलेला कागद काढून टाका. अंडं भिंतीपासून एक मीटर पुढे आणा. दिवा कॅमेऱ्याच्या बाजूने, अंड्यापासून अर्ध्या मीटरवर ठेवा. दिव्यापासून भिंत आता दीड मीटरवर, म्हणजे अंड्याच्या तिप्पट लांब आहे. अंतर तिप्पट झालं की उजेड नवव्या हिश्श्यावर येतो, कारण तोच उजेड तिप्पट रुंद आणि तिप्पट उंच जागेवर पसरतो. पांढरी भिंत फोटोत गडद राखाडी येईल. आता दिवा अंड्यापासून दोन मीटरवर न्या. भिंत तीन मीटरवर, म्हणजे अंड्याच्या दीडपट. तिला अंड्याच्या निम्म्याहून थोडा कमी उजेड मिळतो आणि ती फिकट राखाडी दिसते. भिंतीला हात न लावता तिचा रंग बदलला. छोट्या खोलीत स्टुडिओ थाटणाऱ्याला काळा पडदा विकत घेण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

उरलेलं काम थर्माकोलचा एक पांढरा तुकडा आणि जुन्या काळ्या कापडाचा एक तुकडा करतात. थर्माकोल सावलीच्या बाजूला धरला की सावली उघडते, काळं कापड धरलं की आणखी बंद होते. काळ्या कापडाकडे नवशिक्यांचं लक्ष जात नाही. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत उजेड सगळीकडून उसळून अंडं सपाट करत असतो. तिथे दिवा वाढवून काही साधत नाही, उसळणारा उजेड अडवावा लागतो. माणसाच्या चेहऱ्यावर हे सगळं जसंच्या तसं लागू होतं. दिवा कपाळाच्या वर आणि बाजूला नेत राहिलात की एका क्षणी नाकाची सावली गालाच्या सावलीला मिळते आणि पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. रेम्ब्रांच्या व्यक्तिचित्रांत तो दिसतो म्हणून या रचनेला त्याचंच नाव पडलं आहे.

वीज येण्याआधीचे स्टुडिओ काचेच्या छताखाली चालत. उत्तर गोलार्धात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, तेव्हा उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही, फक्त आभाळाचा स्थिर, मऊ उजेड येतो, असा युरोपातल्या चित्रकारांचा आणि नंतर फोटोग्राफरांचा नियम. आपल्याकडे तो अर्धाच लागू पडतो. मुंबई १९ अंश उत्तरेला, कर्कवृत्ताच्या खाली. मेच्या मध्याला एकदा आणि जुलैच्या अखेरीला एकदा सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. तेच शून्य सावलीचे दिवस. त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात मुंबईतला मध्यान्हीचा सूर्य चक्क किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळी तर उत्तरेच्या खिडकीतून ऊन सरळ आत येतं. या देशात खिडकीवर फोटो काढणाऱ्याने युरोपचं पुस्तक बाजूला ठेवून आपल्या खिडकीची वर्षभराची नोंद ठेवावी. मी ठेवली आहे आणि तिचा मला सगळ्या दिव्यांपेक्षा जास्त उपयोग झाला आहे.

आता कॅमेऱ्यात रोल भरू. रोल म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर, आणि त्या थरात विखुरलेले चांदीच्या क्षाराचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, सूक्ष्म स्फटिक. उजेडाचा कण स्फटिकावर आदळला की आत एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि चांदीच्या एका आयनाचा चांदीचा अणू बनतो. एकटा अणू टिकाऊ नसतो. पण एकाच जागी चारेक अणू जमले की स्फटिकावर कायमची खूण बसते. पुढे डेव्हलपर, म्हणजे रोल ज्यात बुडवायचा ते द्रावण, त्या खुणेपासून सुरुवात करून अब्जावधी अणूंचा अख्खा स्फटिक काळ्या चांदीत बदलून टाकतो. विल्यम हेन्री फॉक्स टालबटला १८४० मध्ये या न दिसणाऱ्या प्रतिमेचा शोध लागला. तोवर कागदावर डोळ्यांना चित्र दिसेपर्यंत कॅमेरा उन्हात उघडा ठेवावा लागे. आता काही सेकंदांची खूण पुरू लागली. ही खूण नेमकी कशी बनते, हे मात्र रोनाल्ड गर्नी आणि नेव्हिल मॉट यांनी १९३८ मध्ये मांडलं.

मधल्या काळात एक कोडं होतं. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून बनतं, आणि एका खेपेच्या जिलेटिनची फिल्म चपळ निघायची तर दुसऱ्या खेपेची मंद. कोडॅकच्या प्रयोगशाळेत सॅम्युएल शेपर्ड यांनी १९२० च्या दशकात त्याचं कारण शोधलं. ज्या गुरांनी मोहरीच्या जातीची झाडं खाल्ली होती, त्यांच्या जिलेटिनमध्ये गंधक असलेल्या द्रव्याचा अत्यल्प अंश उतरला होता. मोहरी वाटली की जे नाकात जातं, त्याच घराण्यातलं हे द्रव्य. त्यातलं गंधक स्फटिकाच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचे कण तयार करतं आणि मोकळे इलेक्ट्रॉन त्या कणांपाशी अडकून जमतात. एवढाशा अंशाने फिल्मला डोळे आले. मोहरीची फोडणी तडतडली की मला हे आठवतंच.

चार अणूंची ही गोष्ट अंड्याच्या फोटोत लगेच कामाला येते. आपला दिवा लहान, त्यावर बटर पेपर, आणि सगळं अंडं रेखीव यावं म्हणून लेन्सचं छिद्र बारीक केलेलं. समजा उजेड मोजणारा मीटर १० सेकंद सांगतो. उजेड इतका मंद असताना पहिला अणू तयार होतो आणि दुसरा यायच्या आत मोडून जातो. म्हणून लांब एक्स्पोजरला फिल्म मीटरने सांगितल्यापेक्षा मंद वागते. इलफर्डच्या एफपी ४ प्लस या फिल्मला अशा वेळी १० सेकंदांऐवजी सुमारे १८ सेकंद द्यावे लागतात. हे न केल्यास पहिला बळी सावलीचा जातो, कारण तिथेच उजेड सर्वांत कमी असतो.

मीटरही आपल्याला फसवतो, आणि त्याचा दोष नाही. समोर जे काही असेल ते मध्यम राखाडी आहे असं धरूनच तो बनवलेला आहे. पांढऱ्या कागदावरच्या पांढऱ्या अंड्यावर मीटर धरला तर तो दोघांनाही राखाडी करायला निघतो. यावर उत्तम तोडगा अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास लॉस अँजेलिसच्या एका कलाशाळेत शिकवताना बसवला. त्यांनी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा पायऱ्या आखल्या, प्रत्येक पायरी आधीच्या दुप्पट उजेडाची. मीटर जे सांगतो ती पाचवी पायरी. ज्या सावलीत आपल्याला अजून पोत दिसायला हवा ती तिसरी. मग कृती सोपी आहे. अंड्याच्या काळ्या पट्ट्यावर मीटर धरा आणि तो सांगेल त्याच्या दोन पायऱ्या कमी उजेड द्या. सावली जागेवर बसली. उजळ बाजूचं काय करायचं, ते डेव्हलपरकडे सोपवा.

यामागे एक कारण आहे आणि ते समजलं की निम्मी विद्या हाती आली. निगेटिव्हवर सावली म्हणजे जवळजवळ कोरी जागा. तिथे खुणा पडलेले स्फटिक मोजके असतात. डेव्हलपर त्यांना पहिल्या काही मिनिटांतच काळं करतो आणि मग तिथे त्याला फारसं काम उरत नाही. उजळ भागात मात्र खुणा भरपूर, म्हणून वेळ वाढवाल तसा तो भाग घट्ट घट्ट होत जातो. सावली कॅमेऱ्यातच ठरते. ती राहून गेली तर पुढे कोणताही उपाय नाही. उजेड डेव्हलपरच्या मिनिटांवर ठरतो.

स्वतः पडताळून पाहायचं असेल तर अख्खा रोल त्याच एका अंड्यावर, त्याच एका एक्स्पोजरने काढा. अंधारात त्याचे कात्रीने तीन तुकडे करा. एक सहा मिनिटं डेव्हलप करा, दुसरा साडेआठ, तिसरा अकरा. तिन्ही निगेटिव्ह शेजारी ठेवून खिडकीवर धरा. अंड्याची सावली तिन्हींत जवळपास तीच, चकचकीत ठिपका मात्र राखाडीपासून डांबरासारख्या काळ्यापर्यंत. रोल वाया जाईल याचं वाईट वाटून घेऊ नका. असा एक रोल चांगल्या पुस्तकाची दहा पानं शिकवतो.

डेव्हलपरचा फॉर्म्युला लपवण्यासारखा नाही. कोडॅकचा डी-७६ १९२० च्या दशकापासून वापरात आहे, आणि एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार २ ग्रॅम एवढाच त्याचा मालमसाला. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन चांदी मोकळी करतात, सल्फाइट त्यांना हवेत खराब होण्यापासून वाचवतं आणि टाकणखार पाण्याला थोडा क्षारपणा देतो. मेटॉलने काहींच्या हाताला खाज आणि फोड येतात, तेव्हा हातमोजे घालाच, आणि यासाठी वापरलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. मधल्या तुकड्याच्या साडेआठ मिनिटांचा हिशेब २० अंश सेल्सिअसचा आहे. २४ अंशांना तेच काम सहाएक मिनिटांत होतं.

आणि आपल्याकडे नळाचं पाणी २० अंशांवर क्वचितच येतं. एका एप्रिलमध्ये टाकीचं पाणी हाताला कोमट लागत होतं, तरी उत्साहाच्या भरात मी रोल धुतला. डेव्हलपर थंड केला होता, पण शेवटी धुण्याचं पाणी सरळ नळाचं घेतलं. जिलेटिन फुगलं, मऊ पडलं आणि पट्टी पुसताना बोटाखाली सुरकुतलं. बहिणीच्या लग्नाचा रोल होता. तेव्हापासून मी बर्फाचे खडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पाण्यात सोडतो, म्हणजे बर्फ वितळून द्रावण पातळ होत नाही, आणि शेवटच्या धुण्यापर्यंत प्रत्येक पाणी थर्मामीटरने मोजतो. उष्ण प्रदेशातले जुने फोटोवाले यासाठी हायपोत तुरटी घालत. न्हाव्याची तुरटी कातडी आवळते तशी ती जिलेटिनही आवळते.

हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. डेव्हलपरने न बदललेले स्फटिक निगेटिव्हवर तसेच उरतात आणि उजेडात नेले तर हळूहळू काळे पडतात. ते विरघळवून टाकण्याचं काम हायपोचं. जॉन हर्शेल यांनी हायपोचा हा गुण १८१९ मध्येच नोंदवला होता, म्हणजे फोटोग्राफी जाहीर होण्याच्या वीस वर्षं आधी. हायपो अजून कामाचा आहे का हे बघायला रोलच्या तोंडाचा न वापरलेला तुकडा त्यात टाका. दुधी पट्टी काचेसारखी व्हायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवायचा. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो गटारात ओतायचा नाही, साठवायचा. तिथल्या जीवांना ती चांदी विष आहे.

मग धुणं. अर्धा तास नळ सोडून ठेवायची पद्धत टँकरवर जगणाऱ्या गावात परवडणारी नाही आणि गरजेचीही नाही. इलफर्डने सुचवलेली रीत अशी: रोल ज्यात डेव्हलप केला ती डबी पाण्याने भरून पाच वेळा उलटीसुलटी करायची, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. तीन डब्या पाण्यात रोल स्वच्छ.

ज्याला ही रसायनं मिळत नाहीत त्याने कॉफी घ्यावी. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या एका वर्गाने इन्स्टंट कॉफीत फिल्म डेव्हलप करून दाखवली. नंतर हौशी मंडळींनी त्यात क जीवनसत्त्व घातलं आणि प्रमाणं पक्की केली. त्यातलं एक रूढ प्रमाण लिटरला धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, क जीवनसत्त्वाची पूड १६ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम आणि वेळ २० अंशांना १५ मिनिटं. काम कॅफिन करत नाही, कॉफीतलं कॅफिक आम्ल करतं. सोडा धुण्याचाच हवा, खाण्याचा चालत नाही, कारण खाण्याच्या सोड्याने पुरेसा क्षारपणा येत नाही. या द्रावणाचा वास भयंकर असतो. खिडकी उघडी ठेवा. पण त्यातून बाहेर आलेली निगेटिव्ह मी पहिल्यांदा उजेडात धरली तेव्हा मला जे वाटलं ते मी विसरणार नाही.

काहीही करून पाहा, फक्त एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. दिवा, अंतर, वेळ, तापमान यांतलं एकच. एकच गोष्ट बदलण्यावरून दादासाहेब फाळके आठवतात. सिनेमाकडे वळण्याआधी ते फोटोग्राफर होते. बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ चालवला. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप थोडं थोडं टिपत उगवण्याची छोटी फिल्म बनवली. अशा कामात कॅमेरा हलला, कुंडी सरकली की संपलं. बदलायचं ते फक्त रोपाने. पहिल्या भारतीय कथापटाच्या आधी फाळक्यांच्या हातून झालेलं हे काम मला नेहमी डार्करूमच्या शिस्तीचं वाटतं.

आता कागद. न्हाणीघराच्या खिडकीला पुठ्ठा लावा, दाराच्या फटीत टॉवेल कोंबा आणि लाल दिवा लावा. रोल डबीत भरताना मिट्ट काळोख लागतो, कारण आजच्या फिल्मला लाल रंगही दिसतो. छपाईच्या कागदाला तो दिसत नाही. दिवा खरंच निर्धोक आहे का याची परीक्षा घ्या. कागदाला एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, अगदी पुसटसा उजेड द्या, इतकाच की डेव्हलप केल्यावर तो हलका राखाडी येईल. मग त्यावर नाणं ठेवा, लाल दिव्याखाली पाच मिनिटं पडू द्या आणि डेव्हलप करा. नाण्याचा गोल दिसला तर दिवा गळतो आहे. कोऱ्या कागदावर घेतलेली परीक्षा खोटी ठरते, कारण कागदाला जागं व्हायला आधी थोडा उजेड लागतो आणि त्याखालची गळती तो गिळून टाकतो.

अंड्याची निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये लावा. कागदाची एक पट्टी घ्या, तिचा बहुतेक भाग पुठ्ठ्याने झाकून पाच सेकंद उजेड द्या, पुठ्ठा दोन बोटं सरकवा, पुन्हा पाच सेकंद. अशा पाच पायऱ्या. हल्लीचा मल्टिग्रेड कागद, जो इलफर्डने १९४० मध्ये पहिल्यांदा आणला, निळ्या उजेडात कडक चित्र देतो आणि हिरव्यात मऊ. एन्लार्जरमध्ये जांभळट गाळणी घातली की अंड्याचा काळा पट्टा घट्ट होतो, पिवळी घातली की उघडतो. मी दोन्ही वापरतो. आधी पिवळ्या गाळणीने उजळ भागाला हवा तेवढा राखाडीपणा देतो, मग जांभळ्या गाळणीने सावलीला तिचा काळेपणा देतो.

इथे निगेटिव्हमधून आलेला उजेड कागद काळा करतो. म्हणून कागदावर काही उजळ ठेवायचं असेल तर तिथे सावली धरायची. तारेच्या टोकाला रुपयाएवढी पुठ्ठ्याची चकती लावा आणि उजेड चालू असताना अंड्याच्या काळ्या पट्ट्यावर तिची सावली हलती ठेवा. थांबलात की चकतीची कड उमटलीच. उलट कागदाचा पांढरा कोपरा काळवंडायचा असेल तर बाकी सगळं हाताने झाका आणि कोपऱ्याला जादा सेकंद द्या. पहिल्याला डॉजिंग म्हणतात, दुसऱ्याला बर्निंग. अॅडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर चंद्र उगवताना जो फोटो काढला त्याची कथा हेच सांगते. कबरस्तानातल्या क्रुसांवरचं शेवटचं ऊन जात होतं आणि मीटर सापडेना. चंद्राच्या पृष्ठभागाची तेजस्विता त्यांना पाठ होती, तिच्यावरून त्यांनी एक्स्पोजर काढलं. निगेटिव्ह अवघड निघाली, पुढची जमीन फिकी होती. १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हचा तेवढाच भाग रसायनात बुडवून घट्ट केला. आयुष्यभरात त्यांनी या एका निगेटिव्हचे तेराशेच्या आसपास प्रिंट काढले आणि वर्षं सरली तसं त्यातलं आभाळ काळं काळं होत गेलं. निगेटिव्ह तीच होती. त्याखालच्या हातांचा निर्णय बदलत गेला.

चुकूनही काही हाती लागतं. १९२९ च्या सुमारास पॅरिसमध्ये मॅन रे यांच्या डार्करूममध्ये ली मिलर काम करत होत्या. पायावरून काहीतरी सरसरत गेलं म्हणून त्यांनी घाबरून दिवा लावला, अशी आठवण त्यांनी सांगितली आहे. ट्रेमधल्या अर्धवट डेव्हलप झालेल्या निगेटिव्हवर उजेड पडला. पुढे दोघांनी मिळून तोच अपघात वश केला. कोरे राहिलेले भाग नव्या उजेडाने काळे होतात, आधीच काळे झालेले भाग फारसे बदलत नाहीत आणि दोन्हींच्या सीमेवर एक बारीक रेषा उरते, कारण डेव्हलप झालेल्या बाजूने सुटणारं ब्रोमाइड शेजारचं काम रोखतं. अंड्याचा प्रिंट ट्रेमध्ये अर्धा आल्यावर खोलीतला दिवा सेकंदभर लावून घालवा. बहुतेक वेळा चिखल हाती येईल. एखाद्या वेळी अंड्याची कड कुणी टाकाने काढल्यासारखी उमटेल.

आता अंडं फोडायची वेळ आली. ते सपाट तळाच्या काचेच्या बशीत फोडा, बशी कोऱ्या कागदावर ठेवा आणि निगेटिव्ह न लावता एन्लार्जरचा उजेड दोन-तीन सेकंद द्या. ना कॅमेरा, ना फिल्म, फक्त सावली. डेव्हलप केल्यावर काळ्या पार्श्वभूमीवर बलकाचा पांढरा चंद्र येतो, कारण बलक पिवळा आहे आणि कागदाला लागणारा निळा उजेड तो पिऊन टाकतो. पांढऱ्याची कड भिंगासारखी वागते आणि तिच्याभोवती उजेडाची वळणं उमटतात. पांढऱ्यावरून आठवलं. १८५० मध्ये लुई ब्लांकार-एव्रार यांनी कागदावर अंड्याच्या पांढऱ्याचा थर देऊन छपाई सुरू केली आणि पुढची चाळीस वर्षं जगातले बहुतेक फोटो त्यावर छापले गेले. ड्रेस्डेनच्या कारखान्यांत त्यासाठी रोज हजारो अंडी फुटत. फोटोग्राफर राजा दीनदयाळांचे तपकिरी, तकाकी असलेले जुने प्रिंट बघाल तेव्हा त्या तकाकीत अंडं आहे.

प्रिंट धुऊन मी न्हाणीघराबाहेरच्या दोरीवर लाकडी चिमट्यांनी टांगतो आणि झोपतो. सकाळी तो खिडकीपाशी नेला की रात्री ओल्या कागदावर उघडी दिसलेली सावली थोडी बंद झालेली असते, आणि उजळ भागही किंचित मळतो. वाळताना कागद गडद होतो, फार नाही, पण काळ्या पट्ट्यातला पोत जायला तेवढं पुरतं. अशा वेळी एन्लार्जरची वेळ आठ-दहा टक्क्यांनी कमी करायची. काल रात्रीच्या अंड्यासाठी माझ्या वहीत आज सकाळी मी लिहिलं आहे: १२ सेकंद जास्त झाले, ११ करून बघ. सावलीत चकती एक सेकंद जास्त फिरव.